'मुजोरी' या शब्दाबद्दल : वाचनालयाच्या कार्यकारिणीस खुले पत्र

सन्माननीय अध्यक्ष, कार्यवाह आणि कार्यकारिणीचे सर्व सदस्य यांस,

स. न. वि. वि.

गेल्या सोमवारी संध्याकाळी मासिक बदलायला आले तेव्हा वाचनालयाच्या फळ्यावर आपली सूचना लावलेली होती. अक्षर टंकलेले, खाली कार्यवाहांची सही, सहीवर गोल शिक्का. पहिली दोन वाक्ये वर्गणी आणि सुट्ट्यांबद्दल होती. तिसरे असे होते : 'संदर्भकक्षाच्या विषयावरून काही सभासदांनी चालविलेली मुजोरी यापुढे खपवून घेतली जाणार नाही व अशा सभासदांचे सभासदत्व रद्द करण्याचा अधिकार कार्यकारिणी राखून ठेवीत आहे.' काही सभासद म्हणजे कोण, हे सूचनेत नव्हते; परंतु ४३ जणांच्या सह्यांचा अर्ज आदल्याच आठवड्यात आपल्याकडे पोचला होता आणि त्यातली पहिली सही माझी होती, तेव्हा मला फार शोध घ्यावा लागला नाही.

हे पत्र बंद पाकिटातूनही देता आले असते. पण सूचना चारचौघांसमोर लागली आहे, आणि याआधीच्या अर्जाची साधी पोचही आम्हाला मिळालेली नाही, म्हणून उत्तर उघडपणे देत आहे. वाचनालयाचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही. ज्यांना कळायचे त्यांना ते कळेल, आणि ज्या संस्थेच्या पायऱ्या मी ३८ वर्षे चढते आहे तिची शोभा करण्याची मला हौस नाही.

माझा संबंध थोडक्यात सांगते. लग्न होऊन बडोद्याला आले त्याच वर्षी सासऱ्यांनी माझे नाव या वाचनालयात घातले. पुढे शाळेत मराठी शिकवू लागले आणि निवृत्त होईपर्यंत दर शनिवारी दुपारी संदर्भकक्षातल्या खिडकीजवळच्या टेबलावर माझा मुक्काम असे. घरी गुजराती बोलणाऱ्या शेजाऱ्यांत आणि हिंदी वाहिन्यांत वाढणाऱ्या मुलांना मराठी शिकवायचे, तर शिकवणाऱ्याला शब्दाच्या मुळाशी जावेच लागते, कारण ही मुले 'असं का म्हणतात?' हे विचारल्याशिवाय राहत नाहीत. त्या प्रश्नांची उत्तरे मी तिथल्या तीन कपाटांतून शोधली. दाते-कर्व्यांचा शब्दकोश, १९३२ ते १९३८ या काळात निघालेले सात भाग आणि १९५० ची पुरवणी, मोल्सवर्थची १८५७ ची आवृत्ती, पुनर्मुद्रित, कृ. पां. कुलकर्ण्यांचा व्युत्पत्तिकोश, आणि माधवराव पटवर्धनांचा १९२५ चा फारसी-मराठी कोश. पटवर्धन, म्हणजे पुढे माधव जूलियन या नावाने कविता लिहिणारे, १८९४ साली याच बडोद्यात जन्मले. त्यांचा कोश बडोद्याच्या वाचनालयात असणे मला नेहमी घरचे माणूस घरी असल्यासारखे वाटत आले आहे.

आषाढात एका शनिवारी गेले तर कक्षाला कुलूप. पुढच्या शनिवारी कुलूप निघाले होते, पण आत कपाटे नव्हती. पांढऱ्या प्लास्टिकच्या खुर्च्यांच्या चवडी होत्या, भिंतीवर झेंडूची सुकलेली माळ होती, आणि बारशाच्या जेवणाचा वास अजून रेंगाळत होता. कोश कुठे आहेत, असे विचारल्यावर शिपाईदादांनी काही न बोलता जिन्याखाली बोट दाखवले. पाण्याच्या मोटारीशेजारी सहा गोण्या उभ्या होत्या. खालच्या दोन गोण्यांना ओल लागलेली होती. एकीचे तोंड सोडून पाहिले तर शब्दकोशाचा तिसरा भाग हाताला लागला. कापडी पाठ फुगून पुठ्ठ्यापासून सुटली होती, पानांच्या कडा लाटांसारख्या झाल्या होत्या, आणि मध्येच एक चंदेरी कसर सुळकन पळाली. मी ते पुस्तक पदराने पुसले आणि परत ठेवले, कारण न्यायला परवानगी नव्हती आणि ठेवायला दुसरी जागा नव्हती.

त्यानंतर जे घडले त्यामुळे हे पत्र लिहिण्याची वेळ आली. माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीची मुलगी सध्या एम. ए. करते आहे. तिला एका जुन्या पत्रातला शब्द पाहायचा होता. तिने काउंटरवर विचारले की कोश कधी बाहेर निघतील. उत्तर मिळाले, 'निघतील तेव्हा निघतील.' तिने पुन्हा विचारले की तारीख सांगता येईल का. यावर आपल्यापैकी एका पदाधिकाऱ्यांनी, ती ऐकत असताना, शेजारच्या माणसाला म्हटले, 'आजकालच्या मुली फार मुजोर झाल्यात.' ती काही बोलली नाही. बाहेर पडल्यावर, सुरसागर तलावाच्या कडेने चालताना तिने मला विचारले, 'आजी, मुजोर म्हणजे नक्की काय? दादागीरी, जोहुकमी कळतं. हे त्याच्यासारखंच का?'

तिची शाळा गुजराती माध्यमाची. शब्द माहीत नसणे हा तिचा दोष नाही, आणि माहीत नसलेला शब्द विचारणे ही तर तिच्या घराची पुण्याई आहे. एरवी मी तिला 'जा, कोशात बघ' म्हटले असते. या वेळी तसे म्हणता येईना. ज्या पुस्तकांत 'मुजोर' पाहायचा ती पुस्तके मागितली म्हणूनच ती मुजोर ठरली होती. तेव्हा तिला मी तोंडीच सांगितले, आणि आता आपल्याही फळ्यावर तोच शब्द लागला आहे म्हणून तेच आपल्याला सांगते.

हा शब्द मूळचा मुँहजोर. त्यातले मुँह आपल्या 'मुखा'पासून आलेले आणि जोर फारसी. शिवकाळात राज्यव्यवहारातून फारसी शब्द काढून संस्कृत घालण्याचा मोठा प्रयत्न झाला तरी हा 'जोर' आपल्या बोलण्यातून हलला नाही. हिंदी-उर्दूत आजही मुँहजोर घोडा म्हणतात. मराठीत येता येता अनुनासिक गळाला, हकार विरला आणि मुजोर उरला. तोंडाने जोर करतो तो मुजोर : स्वार लगाम डावीकडे ओढतो, हा मान उजवीकडेच ठेवतो, स्वार थांब म्हणतो, हा लोखंड दाताखाली धरून पुढे निघतो. उलट उत्तर देणारा माणूस हा अर्थही त्याच तोंडाला चिकटलेला आहे. म्हणजे शब्द उच्चारला की घोडा, लगाम आणि वर बसलेला स्वार अशी तिन्ही आपोआप डोळ्यांसमोर उभी राहतात. कोणी कोणाला मुजोर म्हणाले, तर म्हणणाऱ्याने स्वतःची जागा आधीच ठरवलेली असते, आणि ती खोगिरावरची असते.

हे मला पुस्तकातून कळण्याआधी घरात कळले होते. माझ्या माहेरचे पणजोबा गायकवाड सरकारच्या पागेत बारगीर, म्हणजे सरकारी घोड्यावरचे स्वार, होते, आणि त्यांचे एक कडियाळे, म्हणजे घोड्याच्या तोंडात घालायचे लगामाचे लोखंड, आमच्याकडे अजून खुंटीला टांगलेले आहे. दोन कड्या, मधे सांध्याने जोडलेल्या दोन दांड्या, आणि त्या दांड्यांवर ज्वारीच्या दाण्याएवढे लोखंडी काटे. एका बाजूचे काटे झिजून गुळगुळीत झाले आहेत, दुसऱ्या बाजूचे अजून बोटाला टोचतात. लहानपणी मी आजोबांना विचारले होते की असले क्रूर काहीतरी कशाला करायचे. आजोबा म्हणाले, मुजोर घोड्यासाठी. मग घोडा मुजोर का होतो, असे विचारल्यावर त्यांनी मला माझ्याच तोंडात बोट घालून हिरडी दाबायला लावली.

त्यांनी सांगितले ते घोडे बाळगणाऱ्या कोणालाही ठाऊक असते. घोड्याचे पुढचे दात आणि दाढा यांच्या मधे हिरडीचा एक मोकळा पट्टा असतो आणि लगामाचे लोखंड नेमके तिथे टेकते. वरची त्वचा पातळ आणि खाली लगेच हाड, म्हणून चांगल्या स्वाराने लगामावरची बोटे नुसती मिटली तरी घोड्याला ते कळते. पण हात जड असला, दर पावलाला हिसका बसू लागला, तर ती जागा सोलवटते, भरून येते, पुन्हा सोलवटते आणि शेवटी निबर होते. निबर झालेल्या तोंडाला ओढ कळत नाही. मग स्वार म्हणतो घोडा मुजोर आहे, आणि काट्याचे कडियाळे आणतो. काट्यांनी तोंड आणखी निबर होते. आजोबांच्या शब्दांत सांगायचे तर, 'शिंगराचं तोंड मऊच असतं, बाळ.'

आपल्या सूचनेतला शब्द वाचल्यावर मला पहिल्यांदा राग आला आणि नंतर ते कडियाळे आठवले. मग मी बसून हिसके मोजले. ते खाली क्रमाने येतीलच. त्याआधी या शब्दाच्या भाऊबंदांविषयी थोडे लिहिते. हा विषयाला फाटा नाही, कारण सूचना लिहिताना आपल्यासमोर निदान अर्धा डझन शब्द होते, आणि त्यातला हाच का निवडला हे पाहण्यासारखे आहे.

पहिला शिरजोर. हा मुजोराचा सख्खा भाऊ, फक्त याचा जोर तोंडाऐवजी डोक्यात. याला आपल्या म्हणीत कायमची जागा मिळाली आहे : चोर तो चोर आणि वर शिरजोर. म्हणजे शिरजोर व्हायला आधी काहीतरी चोरलेले असावे लागते. आमच्या अर्जात चोरलेले काही नाही. उलट तीन कपाटे हरवल्याची वर्दी आहे.

दुसरा मग्रूर. हा अरबी. गुरूर म्हणजे गर्व हे आपण सगळे जाणतो, पण अरबीत त्या धातूचा अर्थ भुलवणे, फसवणे असा आहे, आणि मग्रूर म्हणजे शब्दशः फसवला गेलेला. स्वतःविषयीच्या खोट्या कल्पनेने ज्याला फसवले तो मग्रूर. हा शब्द मला फार दयाळू वाटतो. ज्याच्यावर राग यावा त्याच्याविषयी तो किंचित कीव करायला लावतो.

तिसरा माज, संस्कृत मद्, माद्यति यापासून प्राकृताच्या वाटेने आलेला. गाय माजावर येते, हत्ती माजावर येतो, त्यात त्या जनावराची चूक काही नसते. बडोद्याच्या माणसाला हे निराळे सांगायला नको. साठमारीच्या काळी इथे हत्तींना खुराक घालून मुद्दाम माजावर आणीत आणि मग आगडात, म्हणजे खेळाच्या बंदिस्त मैदानात, सोडीत, आणि चपळ साठमार त्याच्याशी जिवावरचा खेळ खेळत. लोक हत्तीचा माज पाहायला जमत. तो कोणी चढवला हे त्या गर्दीत कोणी विचारत नसे.

चौथा उद्धट. संस्कृत उद्धत, म्हणजे वर उसळलेला, धूळ उसळते तसा. पाचवा अरेरावी, ज्यातला 'अरे' कानाला स्वच्छ ऐकू येतो; याच्याबद्दल मी जास्त लिहिणार नाही, काउंटरवर तो 'अरे' आम्ही पुष्कळ ऐकतो.

आणि शेवटचा, माझा आवडता, धीट. हा संस्कृत धृष्ट शब्दाचा नातू. आजोबा संस्कृतात होते तेव्हा त्यांच्या नावावर थोडी बदनामी होती. धृष्ट म्हणजे धाडसी, पण त्याचबरोबर निर्लज्ज, मर्यादा सोडलेलाही. मराठीत नातवाने कुळाचे नाव काढले. 'मुलगी धीट आहे' असे आपण कौतुकाने म्हणतो, स्थळ पाहायला आलेल्या पाहुण्यांपुढेही म्हणतो. दोन वेळा शांतपणे तारीख विचारणाऱ्या मुलीसाठी आपल्या भाषेने हा शब्द तयार करून ठेवला होता. तो उचलायचा सोडून आपण खोगिरावरून शब्द काढलात.

कोणती वागणूक कोणत्या नावाने ओळखायची हे नाव देणाऱ्याच्या जागेवर ठरते, याचा पुरावा या शहराच्याच इतिहासात आहे. १२ डिसेंबर १९११ रोजी दिल्ली दरबारात पंचम जॉर्जपुढे संस्थानिकांनी मुजरे करायचे होते. श्रीमंत सयाजीराव महाराज पुढे गेले, एकदाच थोडके वाकले आणि पाठ न दाखवता मागे सरकत येण्याऐवजी वळून चालू लागले. काही पावलांचा प्रकार, पण इंग्रजी वृत्तपत्रांनी गदारोळ केला, उद्धटपणापासून राजद्रोहापर्यंतची नावे त्याला दिली, आणि महाराजांना व्हाइसरॉयकडे दिलगिरीचे पत्र धाडावे लागले. त्याच पावलांची गोष्ट बडोद्याच्या घराघरांतून आजही अभिमानाने सांगितली जाते. आपल्या कार्यालयात महाराजांची तसबीर आहे, तिला दर वर्षी हार घालताना अध्यक्ष हीच गोष्ट सांगतात. मीही टाळ्या वाजवल्या आहेत.

दुसरी गोष्ट टाळ्या वाजवण्यासारखी नाही. १९१७ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर परदेशातले शिक्षण घेऊन बडोदे संस्थानच्या नोकरीत रुजू व्हायला इथे आले आणि त्यांना राहायला जागा मिळेना. एका पारशी धर्मशाळेत नाव बदलून राहिले, तर हातात काठ्या घेतलेला जमाव दाराशी आला आणि त्याच दिवशी जागा सोडावी लागली. कामाटीबागेत ज्या ठिकाणी ते बसून राहिले ते ठिकाण आपण सगळे जाणतो. त्या जमावाने कोणत्या भाषेत काय म्हटले याला फारसे महत्त्व नाही. काठ्यांचे म्हणणे एकच होते, की नेमून दिलेली जागा तू सोडलीस. ज्या शहरात हे घडले तिथे कोणाला त्याची जागा दाखवणारा शब्द फळ्यावर लावताना हात थोडा थांबायला हवा होता, एवढेच मला म्हणायचे आहे. आमचे दुखणे त्या दुखण्याच्या जवळपासही नाही, याची मला पूर्ण जाणीव आहे.

आता हिसके.

पहिला असा की, संदर्भकक्ष रिकामा करून समारंभांसाठी भाड्याने देण्याचा निर्णय सभासदांना न विचारता झाला. वार्षिक सर्वसाधारण सभा दोन वर्षे 'लवकरच' होणार आहे. ती झाली असती तर हा विषय तिथे आला असता आणि कदाचित आपलाच ठराव मंजूरही झाला असता, कारण वाचनालयाची आर्थिक ओढ आम्हाला दिसते. वर्गणी वाढवली तर सभासद तुटतात, न वाढवली तर विजेचे बिल भागत नाही. खोली भाड्याने देणे हे पाप आहे, असे मी म्हणत नाही. माझ्या नातवाचे बारसेही अशाच एका सभागृहात झाले.

दुसरा, पुस्तकांचा. कपाटे हलवायचीच होती तर वरच्या मजल्यावरच्या बोळात भिंत मोकळी आहे. गोण्यांत कोश भरायला जेवढा वेळ लागला तेवढ्याच वेळात ते तिथे लागले असते. पावसाळ्यात, पाण्याच्या मोटारीशेजारी, जमिनीवर, गोणीत, यातली एकेक गोष्ट पुस्तकाला मारायला पुरेशी आहे. त्या गोण्यांत १९३१ चा 'श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु'ही आहे. राज्यकारभारातल्या इंग्रजी शब्दांना गुजराती, मराठी, संस्कृत, उर्दू, फारसी, हिंदी आणि बंगाली पर्याय देणारा हा कोश महाराजांनी करवून घेतला. कचेरीतून निघणाऱ्या कागदावरचा शब्द नेमका असावा, याची एका संस्थानाधिपतीला एवढी काळजी होती. आपल्या सूचनेचा मसुदा करताना तो कोश हाताशी असता तर बरे झाले असते, पण तो आपणच गोणीत घातला होता.

तिसरा हिसका बारीक आहे आणि म्हणूनच जास्त लागला. सूचनापेटी काढून तिच्या जागी पाण्याचा जार ठेवला गेला. विचारले तर सांगण्यात आले की तिच्यात कोणी काही टाकतच नव्हते. मी टाकत होते, महिन्यातून एकदा तरी.

चौथा, काउंटरवर त्या मुलीशी झालेले बोलणे. त्याबद्दल वर लिहिले आहे.

पाचवा ही सूचना. तोंडी तीन वेळा विचारून झाल्यावर आम्ही लेखी विचारले, आणि लेखी विचारल्यावर काट्याचे कडियाळे आले. सभासदत्व रद्द करण्याची भाषा ज्यांना उद्देशून आहे त्यांच्यातले निम्मे सत्तरीपुढचे आहेत आणि त्यातल्या बहुतेकांनी आजीव वर्गणी त्या काळी पगारातून हप्त्याहप्त्याने भरलेली आहे. पागेत दोन प्रकारचे स्वार असत. बारगिराला घोडा सरकारातून मिळे. शिलेदार आपला घोडा, आपले हत्यार घेऊन चाकरीला येई आणि त्याच्याशी बोलताना सरदारही जपून बोलत असे. वाचनालयाचे सभासद हे शिलेदार आहेत. संस्था त्यांच्या घोड्यांवर चालते. आपण सर्व पदाधिकारीही आधी सभासदच होतात आणि मुदत संपली की पुन्हा सभासदच व्हाल.

आपल्या बाजूने एक गोष्ट मला मान्य केली पाहिजे. आमच्या अर्जातल्या एका वाक्यात 'कारस्थान' हा शब्द आला होता. तो घालू नये असे मी सह्या घेताना म्हटले होते, तरी शेवटच्या प्रतीत तो राहून गेला आणि मी त्यावर सही केली. आपल्या हातून कारस्थान झाले असे मला वाटत नाही. निष्काळजीपणा झाला आणि नंतर तो झाकायला चढा आवाज लावला गेला, एवढेच वाटते. तो शब्द मी माझ्यापुरता या पत्राने मागे घेते. बाकीच्या ४२ जणांच्या वतीने घेण्याचा मला अधिकार नाही, पण त्यांना तसे सुचवीन.

आमच्या मागण्या अशा आहेत.

सूचनेतले तिसरे वाक्य मागे घेतल्याचे त्याच फळ्यावर, तशाच सही-शिक्क्यासह लिहावे. नुसता कागद काढून टाकला तर ते आम्ही पुरेसे समजणार नाही, कारण कागद निघतो तेव्हा तो वाचलेली माणसे तिथे नसतात.

कोश आणि इतर संदर्भग्रंथ येत्या पंधरवड्यात गोण्यांतून काढून कपाटांत लावावेत. खोली पूर्वीसारखी पूर्ण वेळ देणे शक्य नसेल तर वरच्या बोळात कपाटे लावून आठवड्यातून दोन दुपारी बसायला एक टेबल आणि दोन खुर्च्या द्याव्यात. प्लास्टिकच्या चालतील. भिजलेल्या भागांपैकी जे बांधणीला द्यावे लागतील त्यांचा खर्च खोलीच्या भाड्यातून व्हावा.

संस्थेच्या घटनेप्रमाणे सर्वसाधारण सभेची तारीख महिन्याभरात जाहीर करावी आणि खोलीच्या भाड्याचा आजवरचा जमाखर्च त्या सभेपुढे ठेवावा. सूचनापेटी परत लावावी. पाण्याचा जार शेजारी राहू शकतो.

आणि त्या मुलीला, ज्या काउंटरवर तो शब्द उच्चारला गेला त्याच काउंटरवर, त्याच पदाधिकाऱ्यांनी 'चुकलं' एवढे म्हणावे. लेखी काही नको. ती मागणार नाही, म्हणून मी मागते आहे. तिला अजूनही तो जुन्या पत्रातला शब्द पाहायचा आहे, आणि तो बहुधा व्युत्पत्तिकोशात सापडेल, जर तो खालच्या दोन गोण्यांपैकी एकीत नसेल तर.

आपण यावर विचार करेपर्यंत पाऊस थांबणार नाही. म्हणून येत्या शनिवारी दुपारी चार वाजता आम्ही पाच-सहा जणी गोण्यांतली पुस्तके काढून पंख्याखाली पसरायला येत आहोत. ही घुसखोरी समजू नये. आधी कळवून, वाचनालयाच्या वेळेत येत आहोत, आणि सहा वाजता आवरून जाऊ. टिपकागद, जुने सुती पंचे आणि डांबराच्या गोळ्या आम्ही आणू. जिन्याखालच्या दाराची किल्ली तेवढी शिपाईदादांकडे ठेवावी, आणि मोटार त्या दोन तासांत चालू करू नये, तिच्या झाकणाखालून पाणी उडते.

कळावे, लोभ असावा.

आपली नम्र,
एक आजीव सभासद, निवृत्त शिक्षिका
दांडिया बाजार, बडोदे